लाज राखायची कोणी?

दूरचित्रवाणीवरील असभ्यतेचा विषय निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक सुशिक्षितांचे : "आवडत नसेल तर बंद करा, कोणी जबरदस्ती केली आहे?" दुसरे धर्मशील माणसांचे : "सरकार झोपले आहे काय? बंदी घालून मोकळे व्हावे." पहिला स्वतःला उदारमतवादी समजतो, दुसरा सदाचारी. आमच्या मते हे दोघेही एकाच परातीत हात धुतात, आणि ती परात पिलाताची आहे. एक आपली जबाबदारी शेजाऱ्याच्या घरावर ढकलतो, दुसरा दिल्लीवर ढकलतो. नागरिक म्हणून आणि ख्रिस्ती म्हणून आपले जे कर्तव्य आहे, त्याचा मागमूस दोन्ही उत्तरांत सापडत नाही.

म्हणून या दोन्ही उत्तरांचा येथे समाचार घ्यावयाचा आहे. असभ्य प्रक्षेपणाला कायद्याचा लगाम हवा, हे आमचे पहिले म्हणणे. तो लगाम कोणत्याही सरकारी खात्याच्या मर्जीवर सोडता कामा नये, हे दुसरे. आणि तक्रार करणारा नागरिक उभा राहिल्यावाचून या दोन्ही गोष्टी कागदावरच राहतात, हे तिसरे व सर्वांत महत्त्वाचे.

प्रथम 'बंद करा' म्हणणाऱ्यांकडे वळू. नाटक पाहावयाचे तर माणूस तिकीट काढतो, पुस्तक वाचावयाचे तर ते विकत आणतो. आपण काय पाहणार वा वाचणार आहोत, याची त्याला कल्पना असते. दूरचित्रवाणीचे तसे नाही. ती एकदा घरात आली की पुढच्या घटकेला काय दाखवील, हे घरधन्याला ठाऊक नसते. क्रिकेटचा सामना चालू असतो, आजोबा आणि नातू एकाच खाटेवर बसलेले असतात, आणि दोन षटकांच्या मध्ये जी जाहिरात येते तिने दोघांनाही खाली मान घालावी लागते. खटका दाबेपर्यंत जे दिसायचे ते दिसून गेलेले असते.

शिवाय खटका दाबायचा कोणी? आमचा सुपे परिसर बारामती तालुक्याच्या जिराईत पट्ट्यात येतो. तालुक्याच्या बागाईत भागाला नीरेच्या कालव्याचे पाणी आहे. इकडे पाऊस रुसला की टँकरची वाट पाहावी लागते. येथील अनेक घरांत आई रोजगाराला जाते, बाप बारामतीच्या एमआयडीसीत पाळीवर असतो. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत मुलांच्या सोबतीला एक तर दूरचित्रवाणी असते, नाही तर मोबाईल. 'आवडत नसेल तर बंद करा' हा उपदेश त्या वेळी आपण नऊ वर्षांच्या मुलाला करीत असतो. ज्याचे रक्षण करायचे त्याच्याच हाती पहारा देणे, याला उदारमतवाद म्हणणे आम्हांला जमत नाही.

दुष्काळी भागातील माणसाला आणखी एक गोष्ट चांगली उमगते. गावच्या पाणवठ्यात कोणी घाण टाकली, तर गावकऱ्यांना "तुम्ही पिऊ नका" असे कोणी सांगत नाही. घाण टाकणाऱ्याला चावडीवर बोलावतात. आणि प्रक्षेपणाच्या लहरी हा सार्वजनिक पाणवठाच आहे. हा आमचा कल्पनाविलास नव्हे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात दिलेला तो निर्णय आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादातून निघालेल्या या खटल्याच्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी नाही, तशी ती पैसेवाल्या खासगी मंडळींच्या मालकीचीही नाही. तिचा वापर लोकहितासाठी व्हावा आणि त्यावर देखरेख ठेवण्यासाठी समाजाच्या सर्व थरांचे प्रतिनिधित्व असलेली एक स्वतंत्र, स्वायत्त संस्था असावी, असे त्या न्यायालयाने सांगितले. मालमत्ता सर्वांची असेल, तर ती कशी वापरली जाते हे विचारण्याचा अधिकार सुप्याच्या मोलकरणीलाही आहे.

आता दुसऱ्या मंडळींकडे, म्हणजे "सरकारने कायदा करावा" म्हणणाऱ्यांकडे येऊ. त्यांना आमचे नम्र उत्तर असे की, कायदा झाला त्याला तीस वर्षे उलटून गेली. १९९१ साली उपग्रहवाहिन्या आपल्या देशात शिरल्या आणि गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबू लागल्या. त्यानंतर १९९४ चे केबल दूरचित्रवाणी जाळ्यांचे नियम आणि १९९५ चा अधिनियम आला. या नियमांतील सहाव्या नियमात कार्यक्रम संहिता दिलेली आहे. सदभिरुची व सभ्यता यांना बाध आणणारा, अश्लील, स्त्रीच्या देहाचे हीन चित्रण करून तिची अप्रतिष्ठा करणारा किंवा मुलांची अवहेलना करणारा कार्यक्रम दाखवू नये, असे ती बजावते. जो कार्यक्रम सर्वांसमोर अनिर्बंध दाखविण्यास योग्य नाही, तो केबलवरून दाखवू नये, असेही तीत आहे. मुलांची संख्या सर्वांत जास्त असते त्या वेळी मुलांना अयोग्य असे काही दाखवू नये, इतकी बारीक तरतूदही तीत आहे. कायदा करणाऱ्यांनी आपले काम केले होते.

मग काय झाले? काहीच झाले नाही. नियम पुस्तकात राहिला आणि 'केवळ प्रौढांसाठी' असे प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट भरदिवसा घरोघरी दिसू लागले. चित्रपटगृहाच्या दारावर ज्या मुलाला द्वारपाल अडवीत असे, त्याच मुलाला तोच चित्रपट घरी जेवता जेवता पाहता येई. दहा वर्षे कोणा अधिकाऱ्याला यात विसंगती दिसली नाही.

ती दिसली एका प्राध्यापिकेला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात, म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंनी स्थापिलेल्या संस्थेत, राज्यशास्त्र शिकविणाऱ्या प्रा. प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यांनी नवा कायदा मागितला नाही. "जो कायदा आहे तो पाळला जावा" एवढेच त्यांचे मागणे होते. डिसेंबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हुकूम दिला की, सर्वांसाठी योग्य असे प्रमाणपत्र नसलेला चित्रपट केबलवरून दाखवता येणार नाही. हुकूमही काही महिने तसाच पडून राहिला. ऑगस्ट २००६ मध्ये मुंबई पोलिसांनी केबलचालकांवर छापे घातले, यंत्रे जप्त केली, आणि शहरातील इंग्रजी चित्रपटवाहिन्या एकाएकी काळ्या पडल्या. मोठा गहजब झाला. पुढे वाहिन्यांनी नियम पाळण्याची हमी न्यायालयाला दिली, तेव्हा त्या पुन्हा सुरू झाल्या. तेव्हापासून प्रौढांसाठीचा चित्रपट दूरचित्रवाणीवर आणण्यापूर्वी त्यातील आक्षेपार्ह भाग काढून नवे प्रमाणपत्र घेण्याची रीत पडली. ज्यांना वाटते की एकट्या माणसाच्या तक्रारीने काही होत नाही, त्यांनी हा इतिहास मुलांना अवश्य सांगावा.

येथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, "मग सरकारच्या हाती आणखी कडक अधिकार द्या की!" येथेच आम्हांला थांबून चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

सरकारने बंदीचे हत्यार वापरून पाहिलेले आहे. जानेवारी २००७ मध्ये एएक्सएन या वाहिनीवर आणि त्याच वर्षी मार्चअखेर एफटीव्हीवर दोन दोन महिन्यांची बंदी घालण्यात आली. एफटीव्हीवर २०१० साली पुन्हा काही दिवसांची बंदी आली. एकाच वाहिनीवर तीन वर्षांनी पुन्हा तोच प्रसंग यावा, यावरून पहिल्या बंदीने काय साधले याचा अंदाज करता येतो. नोव्हेंबर २०१० मध्ये 'बिग बॉस' आणि 'राखी का इन्साफ' हे कार्यक्रम रात्री अकरानंतर दाखवावेत असा आदेश माहिती व नभोवाणी खात्याने काढला. 'बिग बॉस'च्या वाहिनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली आणि आदेशाला तात्पुरती स्थगिती मिळाली. हा दोष न्यायालयाचा नव्हे. वर्षानुवर्षे डोळे मिटून बसायचे आणि ओरड वाढली की एका दिवसात फर्मान काढायचे, या पद्धतीचा तो दोष आहे. फर्मानाने एखादी मालिका हलते. शिस्त लागत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. ज्या कायद्याने असभ्य वाहिनी बंद करता येते, त्याच कायद्याने नको असलेली बातमी दाखविणारी वाहिनीही बंद करता येते. २०१६ साली पठाणकोटच्या हल्ल्याच्या वार्तांकनावरून एनडीटीव्ही इंडिया या वृत्तवाहिनीला एक दिवस प्रक्षेपण बंद ठेवण्याचा आदेश याच केबल कायद्याखाली देण्यात आला होता. देशभर टीका झाल्यावर तो स्थगित ठेवावा लागला. ज्या संहितेत अश्लीलतेला मनाई आहे, त्याच संहितेत धर्मांवरील टीकेला आणि अंधश्रद्धेच्या प्रसारालाही मनाई आहे. शब्द चांगले आहेत. परंतु त्यांचा अर्थ कोणी लावायचा? उद्या कोणी अधिकारी शुभवर्तमानाच्या प्रवचनालाच दुसऱ्या धर्मावरील टीका म्हणाला, आजाऱ्यांसाठी केलेल्या प्रार्थनेला अंधश्रद्धा म्हणाला, तर आपण कोणाकडे दाद मागणार? महाराष्ट्रात आपण मूठभर आहोत. मूठभरांनी सरकारच्या हातातील कात्रीला धार लावताना ती उद्या कोणाच्या दिशेने वळेल याचा विचार आधी करावा.

हा विचार आपल्याला इतिहासानेही शिकविला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापले गेले. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा तो मुकुटमणी. परंतु त्यानंतर सत्तर वर्षेही उलटली नाहीत तोच, १६८४ साली, गोव्याच्या पोर्तुगीज विजरईने लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. हुकूम काढणारे राज्य ख्रिस्ती होते, कारणही धर्माचे सांगितले होते. जीभ मात्र आपल्या पूर्वजांची कापली जात होती. खुद्द ख्रिस्तसभेने निषिद्ध ग्रंथांची यादी चारशे वर्षे चालविली आणि १९६६ साली पोप पॉल सहावे यांच्या काळात तिचा कायदेशीर अंमल संपविला. श्रद्धावंताची सदसद्विवेकबुद्धी घडविणे हे यादी छापण्यापेक्षा अवघड, पण अधिक टिकाऊ काम आहे, हे ख्रिस्तसभा अनुभवाने शिकली.

म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसारमाध्यमांविषयी जो आदेशलेख प्रसिद्ध केला, त्यातील समतोल आम्हांला फार मोलाचा वाटतो. नागरी सत्तेची कर्तव्ये सांगताना या लेखाने आधी माहितीच्या खऱ्या व न्याय्य स्वातंत्र्याचे रक्षण सांगितले आहे, आणि मग माध्यमांच्या दुरुपयोगाने सार्वजनिक नीतीला गंभीर धोका पोहोचू नये, विशेषतः तरुणांचे रक्षण व्हावे, हे सांगितले आहे. आपल्याकडे मात्र एक गट त्यातील पहिले वाक्य पाठ करतो, दुसरा गट दुसरे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. असभ्य म्हणजे काय? येथे आपल्या धार्मिक मंडळींचीही थोडी कानउघाडणी करणे भाग आहे. उघडे अंग दिसले की आपण कानावर हात ठेवतो, पण माणसाची विटंबना झालेली आपल्या लक्षात येत नाही. सुप्याहून उत्तरेला गेले की पुणे–सोलापूर महामार्गावर चौफुला लागते. तेथील लावणीची कला केंद्रे महाराष्ट्रात प्रसिद्ध आहेत. आपल्यापैकी कित्येक जण त्या वाटेने जाताना नाक मुरडतात. परंतु विचार करा. तेथे जाणारा प्रौढ माणूस आपल्या पायाने जातो, तिकीट काढून बसतो. तेथील कलावंतीण डोक्यापासून पायापर्यंत नऊवारीत असते आणि कित्येकदा एका अख्ख्या कुटुंबाचे पोट तिच्या पायांतील घुंगरांवर चालते. महाराष्ट्रात रंगभूमीवर येणारी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळापुढे आधी ठेवावी लागते. १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'ला या मंडळाशी झगडून उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते. म्हणजे चारशे प्रेक्षकांसमोरच्या नाटकाला आधी परवानगी, आणि कोट्यवधी घरांत शिरणाऱ्या मालिकेला मात्र वाहिनीचा स्वतःचाच दाखला पुरतो! गरिबाच्या फडावर पहारा आणि श्रीमंताच्या वाहिनीला मोकळे रान, ही सभ्यतेची कसली राखण?

आणि ज्या मालिका आपण "घरगुती" म्हणून डोळे झाकून पाहतो, त्यांत काय असते? सासूने सुनेच्या कानशिलात मारायची आणि ती थप्पड तीन वेळा तीन बाजूंनी दाखवायची. काळ्या रंगाच्या मुलीला हिणवायचे. वास्तव म्हणून दाखविल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत साध्यासुध्या माणसाला मंचावर बोलावून त्याच्या रडण्याचा बाजार मांडायचा. सहा वर्षांच्या मुलीला मोठ्या बाईचे हावभाव शिकवून नाचवायचे आणि परीक्षकांनी टाळ्या पिटायच्या. येथे पदर ढळलेला नसतो, पण माणूस विवस्त्र झालेला असतो. देवाच्या प्रतिमेप्रमाणे निर्माण केलेल्या व्यक्तीला वस्तू बनविणे, हे ख्रिस्ती दृष्टीने असभ्यतेचे मूळ आहे. देहाची आपल्याला लाज नाही. प्रभूने देह धारण केला, यावर तर आपला सारा विश्वास उभा आहे.

योहानाच्या शुभवर्तमानातील त्या प्रसंगाचे स्मरण करावे. जमावाने एका स्त्रीला धरून आणले आणि सर्वांच्या मध्ये उभे केले. तिच्या पापाची चाड फारशी कोणाला नव्हती. तिचा उपयोग करून घ्यायचा होता. जमावाची नजर तिच्यावर खिळलेली असताना प्रभू खाली वाकला आणि जमिनीवर लिहू लागला. तिच्याकडे टक लावून पाहणाऱ्यांत तो सामील झाला नाही, आणि दगड उचलणाऱ्यांतही नाही. आज एका हाताने पडद्यावरील स्त्रीकडे पाहत बसणारा आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर दगड उचलणारा समाज त्या जमावाहून फार वेगळा नाही.

कायद्याच्या जगातही हा विवेक हळूहळू रुजतो आहे. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील 'श्यामा' या कथेबद्दल लेखक चंद्रकांत काकोडकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली कथा संपूर्ण वाचून त्यांना निर्दोष ठरविले. ती कथा घरी आणून वाचावी असा आमचा आग्रह नाही. आमचा मुद्दा एवढाच की, तेथे आरोप लेखी होता, बचावाला संधी होती, वरच्या न्यायालयात दाद होती आणि निकालाला कारणे होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलता ठरविण्याचे १८६८ चे इंग्रजी मोजमाप बाजूस सारले आणि आजच्या समाजाच्या दृष्टीने, संपूर्ण संदर्भ पाहून निर्णय करावा असे सांगितले. असा निर्णय कारणे देऊन करावा लागतो. दिल्लीच्या फर्मानाला कारणांची सवय नसते.

स्वयंनियमनाचे काय, असे कोणी विचारील. मनोरंजनवाहिन्यांनी २०११ साली आपल्या तक्रारींसाठी एक परिषद स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती ए. पी. शाह हे निवृत्त मुख्य न्यायाधीश होते. प्रौढांसाठीचा आशय रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत दाखवावा, अशी मर्यादाही वाहिन्यांच्या संघटनेने घालून घेतली. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. पण ज्यांनी शेत राखायचे त्या कुंपणाचा खर्च शेत खाणाराच करीत असेल, तर राखणीवर किती भरवसा ठेवायचा? २०२१ च्या जूनमध्ये सरकारने नियम दुरुस्त करून तक्रारीच्या तीन पायऱ्या केल्या : पहिली वाहिनी, दुसरी वाहिन्यांची संस्था, तिसरी सरकारी खात्यांची समिती. खाली कुंपण धंदेवाल्यांचे, वर किल्ली सरकारची. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली स्वतंत्र संस्था या जिन्यात कोठेच नाही. १९९७ साली संसदेत प्रसारण विधेयक आले, ते लोकसभेबरोबर विसर्जित झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे आला. त्याची पुढची आवृत्ती ऑगस्ट २०२४ मध्ये टीकेमुळे मागे घ्यावी लागली. मोबाईलवरील मंचांसाठी २०२१ च्या नियमांनी वयोगटाचे शिक्के आणि पालकांनी लावावयाचे कुलूप सांगितले आहे. तरी मार्च २०२४ मध्ये १८ आणि जुलै २०२५ मध्ये २५ मंच अश्लीलतेसाठी बंद करावे लागले, आणि आधी बंद केलेल्यांपैकी काहींनी दरम्यान नव्या पत्त्यावर दुकान थाटले होते. बंदीच्या मागे धावणारे सरकार आणि पत्ता बदलणारा दुकानदार यांच्या शर्यतीत आपली मुले मात्र मध्येच उभी आहेत.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रक्षेपणाच्या आशयावर देखरेख ठेवणारी संस्था सरकार आणि वाहिन्या या दोहोंपासून स्वतंत्र असावी; तीत न्यायाधीश, शिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि आई-बाप असावेत, लहान समाजांचे प्रतिनिधी असावेत. तिचे अधिकार मोजके असावेत : मुलांचे रक्षण, स्त्रीची व दुर्बलांची अप्रतिष्ठा आणि कार्यक्रमांची वेळ. बातमी, राजकीय टीका व धर्ममत यांना तिने हात लावू नये. प्रत्येक निर्णय दोन्ही बाजू ऐकून, कारणे लिहून, मराठीसह सर्व भाषांत जाहीर व्हावा. शिक्षा पैशाची असावी आणि वाहिनीच्या जाहिरातीच्या उत्पन्नाच्या प्रमाणात असावी, कारण असभ्यतेची मुळे कलेपेक्षा गल्ल्यात अधिक खोल गेलेली आहेत. आणि हेच नियम मोबाईलवरील मंचांनाही लागू असावेत.

ही संस्था होईल तेव्हा होईल. तोवर जे हाती आहे ते आपण वापरतो काय? २००६ च्या मे महिन्यात 'द दा विंची कोड' या चित्रपटाविरुद्ध आपल्या समाजाने मुंबईत निदर्शने केली, बंदीची मागणी केली; चित्रपट प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आणि कल्पितकथा असल्याचा खुलासा घेऊन प्रदर्शित झालाच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याच एका महाविद्यालयातील प्राध्यापिकेच्या याचिकेने साऱ्या देशाच्या वाहिन्यांना शिस्त लावली. त्या लढ्यासाठी किती धर्मग्रामांतून पाठिंब्याचे पत्र गेले? आपल्या श्रद्धेला धक्का लागला की आपण रस्त्यावर येतो. दुसऱ्याच्या लेकीची विटंबना होते तेव्हा केवळ वाहिनी बदलतो. जगाला ही गोष्ट दिसते, आणि मग आपल्या नैतिकतेला ते जातीय अभिमान समजले तर नवल नाही.

तक्रार करणे अवघड नाही. वाहिनीचे नाव, कार्यक्रम, दिनांक, वेळ आणि नेमके काय आक्षेपार्ह वाटले, एवढे लिहून वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे पाठवावे. २०२१ च्या नियमांप्रमाणे वाहिनीने २४ तासांत पोच द्यावयाची असते आणि १५ दिवसांत निर्णय कळवावयाचा असतो. समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत वाहिन्यांच्या संस्थेकडे अपील करता येते, आणि तिने ६० दिवसांत निकाल द्यावयाचा असतो. जिल्हा पातळीवर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समितीची तरतूद आहे. तीत महिला महाविद्यालयाच्या प्राचार्यांना आणि स्त्रिया व मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या प्रतिनिधींना स्थान दिलेले आहे. आपल्या धर्मभगिनी शाळा चालवितात, वसतिगृहे चालवितात. त्यांच्या अनुभवाचा उपयोग या समितीला व्हावा, असे पत्र जिल्हाधिकाऱ्यांना आपण लिहू शकतो. प्रत्येक धर्मग्रामातील महिला मंडळाने महिन्यातून एक तक्रार, सभ्य भाषेत, सह्यांनिशी पाठविली, तरी वर्षाला बारा होतात. एका धर्मप्रांताची गोळाबेरीज वाचकांनीच करावी.

आणि हे करताना घरातील काम टाळता येणार नाही. मुलाच्या हातून मोबाईल हिसकावून घेण्यापेक्षा त्याच्या शेजारी बसून "हे तुला कसे वाटले?" असे विचारणे अधिक कठीण आहे, आणि अधिक फलदायी आहे. कायदा मुलासमोरची घाण दूर करील. घाण ओळखण्याचे डोळे त्याला आई-बापच देऊ शकतात.

लहानग्यांना अडखळण होणाऱ्याविषयी प्रभूने जात्याच्या तळीचा जो दाखला दिला आहे, तो ऐकताना आपण नेहमी वाहिन्यांच्या मालकांकडे बोट दाखवितो. तो दाखला पाहूनही गप्प बसणाऱ्यांसाठीही आहे. लाज राखायची कोणी, या प्रश्नाचे उत्तर दिल्लीत नाही आणि मुंबईच्या स्टुडिओतही नाही. ते आपल्या मेजावरील कोऱ्या पोस्टकार्डावर आहे. ते लिहावे आणि या आठवड्यातच टपालात टाकावे, एवढीच आमची वाचकांना विनंती.